घराची जाहिरात असते, गावाची माहिती कोठे असते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांच्या वास्तुविषयक पुरवण्या मी गेली तीसेक वर्षे नेमाने वाचत आलो आहे. त्यांत घराचे क्षेत्रफळ असते, खोल्यांची मांडणी असते, कर्जाचे हप्ते कसे फेडावेत याचा सल्ला असतो. पण ते घर ज्या गावात उभे आहे त्या गावाविषयी ‘निसर्गरम्य’, ‘विकसनशील’ आणि ‘सर्व सोयींनी युक्त’ या तीन विशेषणांपलीकडे सहसा काही आढळत नाही. नोकरीतील बदल्यांमुळे मी पाच वेळा बिऱ्हाड हलवले आहे आणि त्यांपैकी दोन वेळा गाव निवडताना सपशेल चुकलो आहे. अनोळखी मुलखात जाणारा माणूस आधी घर पसंत करतो आणि गाव त्याच्या पाठोपाठ आपोआप पदरात पडते. वास्तविक क्रम उलटा हवा. घराची भिंत पाडता येते, खिडकी मोठी करता येते, गळके छप्पर दुरुस्त होते. पण गावाचा रस्ता, पाणी, हवा आणि माणसे यांना एकट्याने हात लावता येत नाही. शिवाय गाव पाहायला आपण नेमके अशा दिवशी जातो, की त्या दिवशी पाहिलेले पुढे आयुष्यात फारसे उपयोगी पडत नाही.

माझी पहिली चूक अशाच एका दिवसाची होती. आम्ही ते गाव पाहायला गेलो तो रविवार होता. सकाळी साडेनऊची वेळ, कोवळे ऊन, मोकळा रस्ता. मला जेथे रुजू व्हायचे होते त्या कार्यालयापासून घरापर्यंत गाडीने अठरा मिनिटे लागली. मी मुद्दाम घड्याळ लावून मोजली होती, आणि आपण किती व्यवहारी आहोत याचे मनातून थोडे कौतुकही वाटले होते. रुजू झाल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी त्याच रस्त्याला बावन्न मिनिटे लागली. वाटेत रेल्वे फाटक आहे हे मी पाहिले होते. पण सकाळी आठ ते दहा या वेळात ते चारदा पडते, आणि उघडल्यानंतरही दोन्ही बाजूंची कोंडी सुटायला आणखी दहा मिनिटे जातात, हे रविवारी कळण्याची सोय नव्हती. फाटकावरच्या गेटमनला विचारले असते तर त्याने गाड्यांच्या वेळा बोटांवर मोजून दाखवल्या असत्या. मी विचारले घर दाखवणाऱ्या दलालाला. ‘कोंडी? इथे?’ एवढे म्हणून तो हसला आणि त्याने गॅलरीचे दार उघडून समोरची झाडे दाखवली.

एका खेपेला चौतीस मिनिटे जास्त, म्हणजे दिवसाला अडुसष्ट. वर्षाचे दोनशे चाळीस कामाचे दिवस धरले तर हा हिशेब दोनशे बहात्तर तासांवर जातो, म्हणजे अहोरात्र धरून अकरा दिवसांहून अधिक. त्या गावी मी तीन वर्षे काढली. महिन्याहून अधिक काळ मी एका फाटकासमोर आणि त्याच्या मागेपुढे बसून घालवला, आणि तोही घरची माणसे जागी असतात त्या वेळातला.

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली या विषयावर एक लक्षवेधी मांडणी केली. वाहतूकतज्ज्ञ याकोव्ह झहावी यांच्या निरीक्षणांचा आधार घेऊन त्यांनी असे म्हटले, की देश कोणताही असो आणि वाहन कोणतेही असो, माणूस येण्याजाण्यासाठी दिवसाकाठी सरासरी तासभर देतो. वाहन वेगवान झाले तर वेळ वाचत नाही, फक्त अंतर वाढते. चालण्याचा वेग ताशी ५ किलोमीटर धरला तर अर्ध्या तासात अडीच किलोमीटर होतात, आणि जुनी तटबंदीची शहरे मध्यापासून साधारण तेवढीच पसरलेली आढळतात. मला यातून एवढाच व्यावहारिक बोध झाला, की गावाचे अंतर किलोमीटरमध्ये विचारू नये, मिनिटांत विचारावे. तेही कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी, आणि जमल्यास दोन्ही दिशांनी. एकेरी अर्ध्या तासाची मर्यादा ओलांडणारे गाव कितीही सुंदर असले तरी ते रोज आपल्याकडून काहीतरी काढून घेत राहते. स्वित्झर्लंडमधील अर्थतज्ज्ञ ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुटझर यांनी जर्मनीतील कुटुंबांच्या माहितीवरून २००८ साली नेमके हेच दाखवले. लांबच्या प्रवासाच्या बदल्यात माणसाला मोठे घर किंवा चांगला पगार मिळतो आणि तोटा भरून निघतो, असे अर्थशास्त्राने गृहीत धरले होते; प्रत्यक्षात ज्यांचा प्रवास लांब, त्यांचे आयुष्याविषयीचे समाधान कमीच भरले. मोठ्या घराची आपल्याला काही महिन्यांत सवय होते. खोळंब्याची मात्र होत नाही, कारण तो रोज नवा असतो.

गाव पाहायला गेलेल्या माणसाच्या डोळ्यांत सर्वांत आधी भरते ती हवा. डोंगर दिसला, वारा गार लागला, की अर्धा निर्णय तेथेच होतो. डॅनियल कानेमन यांना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी डेव्हिड श्केड यांच्यासमवेत १९९८ साली अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांची पाहणी केली. कॅलिफोर्नियातील माणसे अधिक सुखी असणार, असे दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना वाटत होते, आणि त्याचे मुख्य कारण म्हणून हवामान डोळ्यांसमोर होते. प्रत्येकाला स्वतःच्या समाधानाविषयी विचारले तेव्हा मात्र दोन्हीकडची उत्तरे जवळजवळ सारखी आली. दोन ठिकाणांची तुलना करायला बसले की जो फरक ठळक दिसतो त्याला आपण अवास्तव वजन देतो, आणि तेथे राहायला लागल्यावर तो फरक दिवसाच्या गडबडीत कोठेतरी विरून जातो.

याचा अर्थ हवेला महत्त्व नाही असा नव्हे. तिच्यातले महत्त्वाचे एका फेरीत दिसत नाही, एवढेच. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, तेव्हा सहाशे मीटर उंचावरचे गाव पायथ्यापेक्षा सुमारे चार अंशांनी गार असणार. हे नकाशावर घरबसल्या काढता येते. पण तेच गाव उतारावर आहे की खोलगट दरीत, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. थंडीच्या दिवसांत दरीच्या तळाशी गार हवा साचते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि चुलींचा, गाड्यांचा, कारखान्यांचा धूर त्या झाकणाखाली अडकून राहतो. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये अशाच झाकणाखाली पाच दिवस धुरके कोंडले आणि हजारो माणसे दगावली. हवेतील अतिसूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ची, वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस आहे. फारच थोडी गावे त्या शिफारशीत बसतात. तरी दोन गावांपैकी एक निवडायचे असेल, तर उन्हाळ्याच्या दुपारचे निळे आकाश पाहून निवडण्यापेक्षा थंडीतल्या पहाटे दिव्याच्या खांबाभोवती काय दिसते ते पाहून निवडणे शहाणपणाचे.

आता माझी दुसरी चूक, जी पहिलीपेक्षा महाग पडली. ते गाव नदीकाठचे होते आणि घर तळमजल्यावरचे. घरमालकाने नुकताच रंग काढला होता. रंग नवा आहे याचाच आम्हाला आनंद झाला. पण तो फक्त छातीच्या उंचीपर्यंत नवा आहे आणि त्याच्या वरचा जुनाच आहे, हे चौघांपैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. सहा महिन्यांनी कोपऱ्यातले जड कपाट झाडलोटीसाठी पुढे ओढले, तेव्हा त्याच्या मागची भिंत दिसली. तेथे रंगाचा हात पोहोचला नव्हता. जमिनीपासून सव्वा मीटरवर एक मातकट, सरळ रेघ होती, पट्टी लावून ओढल्यासारखी, आणि तिच्या खाली गिलावा फुगून त्याचे पापुद्रे सुटत होते. बोट लावले तर पीठ झाल्यासारखे खाली पडले. शेजारच्या आजोबांना विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘अहो, ती पाण्याची रेघ. आमच्याकडे दाराच्या चौकटीवर आहे, या, दाखवतो.’ त्यांनी दाखवली. चौकटीवर एकाखाली एक अशा तीन रेघा होत्या, आणि प्रत्येकीपुढे खिळ्याने साल कोरलेले होते. विचारणाऱ्याला गाव काही लपवत नाही. आम्ही विचारले नव्हते. पुढच्या वर्षी चौथी रेघ आली, आणि आमची पुस्तके तिच्या खाली होती.

पुराविषयी एक हिशेब मला फार उशिरा कळला. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हे शब्द ऐकले की आपण मनात म्हणतो, मागच्याच दशकात येऊन गेला ना, मग आता नव्वद वर्षे निर्धास्त. त्या शब्दांचा अर्थ तसा नाही. त्यांचा अर्थ एवढाच, की कोणत्याही एका वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात एक असते. नदीला मागच्या वर्षीची आठवण नसते. त्या घरात माणूस तीस वर्षे राहिला, तर त्या काळात एकदा तरी तेवढे पाणी पाहण्याची शक्यता जवळजवळ २६ टक्के होते, म्हणजे चारांत एकाहून किंचित जास्त. घराचे कर्ज बहुधा वीस-तीस वर्षांचे असते हे लक्षात घेतले, तर ही शक्यता कर्जाच्या कागदांइतकीच बारकाईने वाचायला हवी. आणि शंभर वर्षांचा हा अंदाजही जुन्या नोंदींवरून बांधलेला असतो. वरच्या बाजूला ओढे बुजवले, डोंगर उतरवले आणि मोकळ्या जमिनीवर सिमेंट घातले, की त्या नोंदी नदीला लागू राहत नाहीत.

पाण्याविषयी लिहिताना पिण्याच्या पाण्याचे दोन शब्द. नळाला पाणी किती वेळ येते हे सगळे विचारतात; ते कसे आहे हे फारसे कोणी विचारत नाही. जुन्या घरातील नळाच्या तोटीवर आणि पाणी तापवण्याच्या भांड्याच्या बुडाशी पांढरा, खरखरीत थर असेल तर पाणी जड आहे हे तेथल्या तेथे कळते, आणि त्याचा त्रास बहुतेक यंत्रांना आणि कपड्यांना होतो. फ्लोराइड आणि नायट्रेट मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, चवीलाही कळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने त्यांची मर्यादा लिटरला अनुक्रमे दीड आणि पन्नास मिलिग्रॅम ठेवली आहे. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यावर राहणार असाल तर तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वैद्यकीय सोयींबाबत ‘गावात मोठे रुग्णालय आहे’ एवढ्यावर आपले समाधान होते. प्रश्न असा विचारावा, की मेंदूत रक्ताची गुठळी अडकलेल्या रुग्णाला रात्री दोन वाजता तेथे नेले तर मेंदूचे सीटी स्कॅन होते का आणि ते वाचणारे कोणी हजर असते का. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यातला काही वेळ घरच्यांना प्रकार कळण्यात जातो, काही वाहन मिळण्यात आणि काही तपासणीत. म्हणून या अंतराचे माप मिनिटांतच घ्यावे, आणि घरात वयस्कर माणूस असेल तर ते सर्वांत आधी घ्यावे. सुदृढ माणसाला गाव निवडताना हा विचार अभद्र वाटतो, हे मी जाणतो. मलाही पन्नाशीपर्यंत वाटत होता.

यापुढचा प्रश्न गावाच्या आकाराचा. जर्मन भूगोलतज्ज्ञ वॉल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ साली दक्षिण जर्मनीचा अभ्यास करून मध्यवर्ती स्थान सिद्धांत मांडला. रोज लागणाऱ्या वस्तू लहान गावातही मिळतात, कारण त्या विकणाऱ्याला थोडी गिऱ्हाइके पुरतात. क्वचित लागणाऱ्या सेवांना मोठा परिसर लागतो, म्हणून त्या मोठ्या शहरातच टिकतात, आणि अशी लहानमोठी गावे एकमेकांभोवती उतरंडीसारखी रचली जातात. हे वाचल्यापासून मी नव्या गावाकडे एकटे गाव म्हणून पाहणे सोडले. ते कोणत्या मोठ्या गावाच्या छायेत आहे आणि त्या दोघांमध्ये दिवसाला किती वाहने जातात-येतात, ते विचारतो. शेवटची बस किंवा गाडी किती वाजता सुटते, हा एकच प्रश्न गावाविषयी पुष्कळ काही सांगून जातो. ती संध्याकाळी सात वाजता सुटत असेल, तर मोठ्या गावातले नाटक, शिकवणी आणि तज्ज्ञ डॉक्टरांची संध्याकाळची वेळ हे सगळे आपल्यापुरते नसल्यातच जमा असते.

गावाचे पोट कशावर चालते हेही पाहावे. एकाच कारखान्यावर, एकाच खाणीवर किंवा एकाच हंगामाच्या पर्यटनावर उभे असलेले गाव भरभराटीच्या दिवसांत फार टवटवीत दिसते. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराची लोकसंख्या १९५० साली साडेअठरा लाखांच्या घरात होती. २०२०च्या जनगणनेत ती सहा लाख चाळीस हजारांच्याही किंचित खाली भरली. मोटारींच्या धंद्याची पडझड आणि उपनगरांकडे लागलेली रीघ यांना वांशिक तेढीचीही जोड होती, हे खरे. परंतु जे मागे राहिले त्यांना कमी करदात्यांच्या जोरावर तेवढेच रस्ते, तेवढ्याच नळवाहिन्या आणि तेवढेच दिवे सांभाळावे लागले. माणसे निघून गेली म्हणून गाव लहान होत नाही, ते विरळ होते. बाजारपेठेत भर दुपारी किती दुकानांची शटर खाली आहेत आणि किती पाट्यांवरचा रंग उडाला आहे, हे एका फेरीत मोजता येते. मी आता मोजतो.

इथपर्यंत जे लिहिले ते मोजता येण्यासारखे होते. माझ्या घरात ज्या गोष्टीमुळे सर्वांत अधिक त्रास झाला ती मोजून पाहण्याचे मला सुचलेच नव्हते. बदली माझी होत असे. मला नव्या गावी पहिल्या दिवशीच टेबल, खुर्ची आणि दहा सहकारी मिळत. पत्नीला आणि आईला मिळत ती रिकामी खोकी. अर्थतज्ज्ञ जेकब मिन्सर यांनी १९७८ साली अशा माणसांविषयी लिहिले आहे. कुटुंबातील एकाच्या फायद्यासाठी जे बरोबर निघतात आणि एकटे असते तर निघाले नसते, त्यांना त्यांनी बांधलेले स्थलांतरित अशा अर्थाचे नाव दिले. नाव काय द्यायचे ते द्यावे. गाव पसंत करण्याच्या फेरीला या माणसांना बरोबर नेले जात नाही, किंवा नेले तर स्वयंपाकघर दाखवायला नेले जाते, ही गोष्ट मात्र खरी.

चौथ्या बदलीच्या वेळी आई बहात्तर वर्षांची होती. त्या गावात सर्व काही ठीक होते. माझा प्रवास बारा मिनिटांचा, रुग्णालय जवळ, पाणी गोड. तीन महिने आई घराबाहेरच्या एकाही माणसाशी बोलली नव्हती, हे मला पत्नीने सांगितले तेव्हा कळले. कारण साधे होते. घरासमोरच्या रस्त्याला पदपथ नव्हता आणि बागेपर्यंतच्या सातशे मीटर वाटेत बसायला एकही जागा नव्हती. आईला तीनशे मीटरनंतर टेकावे लागे. आम्ही त्याच गावात घर बदलले. आधीच्यापेक्षा एक खोली कमी, पण जिन्याखालीच एक सिमेंटचा बाक आणि समोर टपाल कचेरी. आठवडाभरात आईला टपालवाल्याच्या मुलीची परीक्षा कधी आहे ते ठाऊक होते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली अशा वरवरच्या ओळखींची ताकद दाखवून दिली होती. नव्या बातम्या आणि नव्या संधी जिवलगांपेक्षा अशा ओळखींतूनच अधिक येतात, असे त्यांचे म्हणणे. आईला त्यांचे नावही माहीत नव्हते. तिने आम्हाला तेथे चांगला सुतार, चांगला दंतवैद्य आणि पत्नीला अर्ध्या दिवसाची नोकरी, हे तिन्ही त्या बाकावर बसून मिळवून दिले.

मैत्रीला लागणारा वेळही ध्यानात घ्यावा. कॅन्सास विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुकतेच गाव बदललेल्या प्रौढांना विचारले होते. नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात, खऱ्या मैत्रीला ९० च्या आसपास आणि जिवलग म्हणावे अशा मैत्रीला २०० हून अधिक, असे त्यांना आढळले; त्यातही कामाच्या जागी शेजारी बसून घालवलेल्या तासांचा उपयोग कमी. आठवड्याला दोन तास भेटणाऱ्याला पन्नास तासांना सहा महिने लागतात. तेव्हा नव्या गावी पहिल्या दोन महिन्यांत ‘येथली माणसे तुसडी आहेत’ असा निकाल देण्याची घाई करू नये, आणि लोक जेथे विनाकारण रेंगाळू शकतात अशा जागा गावात किती आहेत, हे घर घेण्याआधी मोजून ठेवावे. वाचनालय, मैदान, पार, घाट, काहीही चालेल.

इतके सगळे पाहायचे कधी, असा प्रश्न वाचकांना पडेल. एका फेरीत ते होत नाही, हेच तर माझे म्हणणे आहे. पहिले वर्ष भाड्याने काढावे. भाडे म्हणजे पैसे पाण्यात, असे समजणारे अनेक भेटतात. माझ्या मते ती गावाची परीक्षा घेण्याची फी असते, आणि चुकीच्या गावात विकत घेतलेल्या घराच्या मानाने ती फार थोडी असते. ते शक्य नसेल तर निदान दोन फेऱ्या कराव्यात. एक मंगळवारी, सकाळी आठला पोहोचून रात्री अकरापर्यंत थांबून. दुसरी त्या गावाच्या सर्वांत वाईट महिन्यात. हा महिना प्रत्येक गावाला असतो. कोठे तो मुसळधार पावसाचा असतो, कोठे बर्फाचा, कोठे उन्हाच्या काहिलीचा, आणि कोठे पाहुण्यांच्या लोंढ्याचा, जेव्हा गावकऱ्यांना स्वतःच्याच रस्त्यावर पाय ठेवायला जागा मिळत नाही. रात्री थांबायचे ते आवाजासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ साली रस्त्यावरील वाहनांच्या आवाजाची रात्रीची सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावी, असे सुचवले आहे. दहा डेसिबलने आकडा वाढला की आवाज कानाला साधारण दुप्पट जाणवतो, त्यामुळे ४५ आणि ५५ यांतला फरक कागदावर दिसतो तेवढा किरकोळ नाही. दुपारी शांत वाटणारी गल्ली रात्री मालमोटारींची आडवाट असू शकते.

आणि विचारायचे कोणाला, तर ज्यांना आपण तेथे आलो काय किंवा न आलो काय, काही फरक पडत नाही अशांना. फाटकावरचा गेटमन, टपालवाला, शाळेच्या दारात मुलांची वाट पाहणारे पालक, औषधांच्या दुकानातला माणूस. त्यातही गाव सोडून चाललेला माणूस भेटला तर त्याच्याजवळ अर्धा तास बसावे. अर्न्स्ट रेव्हनस्टाइन यांनी १८८५ साली स्थलांतराचे जे नियम मांडले, त्यांत एक असा आहे, की माणसांच्या प्रत्येक प्रवाहाला भरपाईचा एक उलटा प्रवाह असतो. परत जाणारी माणसे नेहमीच असतात, आणि त्यांत लाज वाटण्यासारखे काही नसते. पण आपण येणाऱ्यांच्या उत्साहावरून गाव जोखतो आणि जाणाऱ्यांना कोणी विचारत नाही.

माझ्या या साऱ्या बोलण्यावर एक आक्षेप येईल आणि तो मला मान्य आहे. गाव निवडण्याची मुभाच अनेकांना नसते. परवडणारे भाडे जेथे, तेथे बिऱ्हाड. बाकी सारे नंतर. त्यांच्यापुढे मंगळवारच्या फेरीची भाषा करणे ही पोट भरलेल्या माणसाची चैन ठरेल. परंतु ज्यांना चुकण्याची ऐपत नाही त्यांनाच खऱ्या माहितीची सर्वांत अधिक गरज असते. पाण्याची रेघ असलेली खोली स्वस्त मिळते ती त्या रेघेमुळेच, आणि ती घेणाऱ्याला निदान पेटी कोणत्या उंचीवर ठेवावी एवढे तरी कळायला हवे.

येथेच आपल्यासारख्या वृत्तपत्रांकडे माझी विनंती आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ चार्ल्स टीबू यांनी १९५६ साली असे प्रतिपादन केले, की माणसे निरनिराळ्या गावांचे कर आणि सेवा ताडून पाहतात, आपल्याला मानवेल त्या गावी राहायला जातात आणि अशा रीतीने जणू पायांनी मतदान करतात. हा विचार मला पटतो. पण त्यांच्या मांडणीत एक मोठे गृहीतक आहे, की माणसाला सर्व गावांची पूर्ण माहिती असते. ती कोठून असणार? ती देणाऱ्यांत आज बिल्डर आहेत, दलाल आहेत आणि गावाचे फलक रंगवणारे पुढारी आहेत. यांतील कोणीही फाटक किती वेळा पडते हे सांगणार नाही.

म्हणून आपल्या वास्तू-पुरवणीत दर आठवड्याला एका गावाची अर्ध्या पानाची साधी ओळख द्यावी, असे मला सुचवावेसे वाटते. घरांचे दर त्यात नसले तरी चालेल. कामाच्या दिवशी सकाळच्या प्रवासाला लागणारी मिनिटे, मागच्या तीस वर्षांत पाणी कोठपर्यंत चढले त्याच्या जागा, पिण्याच्या पाण्याच्या अलीकडच्या तपासणीचे आकडे, रात्री उघडे असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय, शेवटच्या गाडीची वेळ, आणि गाव सोडून गेलेल्या दोन माणसांशी बोलून त्यांनी सांगितलेली कारणे, एवढे पुरेसे आहे. आपल्या वार्ताहरांना यांतील बहुतेक गोष्टी आधीच ठाऊक असतात. त्या बातमीच्या निमित्ताने तुकड्या-तुकड्यांनी छापूनही येतात आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात. माझ्यापाशी पाच गावांच्या अशा नोंदींची एक वही आहे, अर्थात तिच्यातली शेवटची नोंद बरीच जुनी झाली आहे. आपणास नमुन्यादाखल हवी असल्यास मी ती आनंदाने पाठवीन; तिची पहिली काही पाने पुराच्या पाण्याने चिकटली आहेत, तेवढे संभाळून उघडावे लागेल.

कळावे,

आपला,
पाच गावे पालथी घातलेला एक वाचक